मिनाचा तंबू

हजला निघालेले लोक आम्हाला पहिला प्रश्न विचारतात, मक्केतली बिल्डिंग हरमपासून किती लांब? मिनाच्या तंबूबद्दल कुणी विचारत नाही. सब्रची खरी परीक्षा मात्र तिथेच होते.

२०२३ च्या जूनमध्ये, ८ जिलहिज्जला आम्ही मिनात उतरलो. इकडे रत्नागिरीत पाऊस आणि तिथे उघड्याबोडक्या डोंगरांमध्ये नजर पोहोचेल तिथवर पांढरे तंबू. १९९७ च्या आगीत इथे तीनशेहून अधिक हाजी दगावले. त्यानंतर न पेटणाऱ्या कापडाचे हे पक्के तंबू उभारले गेले. आत गारवा असतो, पण माणशी जागा म्हणजे एक अरुंद गादी. कूस बदलली की शेजारणीला कळते.

आम्हाला धास्ती होती ती बाथरूमच्या रांगेची. सोबत सत्तरीच्या सासूबाई, त्यात मधुमेह. पहिल्याच पहाटे, फजरच्या आधी, रांगेत त्यांना उभे राहवेना. पुढे केरळच्या बायका होत्या. त्यांना उर्दू येईना, आम्हाला मल्याळम. सासूबाईंचा चेहरा पाहून त्यांनीच हाताला धरून त्यांना पुढे नेले. अरफात-मुजदलिफाहून परतल्यावर तर त्यांच्यातली एक रोज स्वतःच बोलवायला येई.

तहज्जुदच्या वेळी उठलात तर रांग नसते, हे आम्हाला उशिरा कळले. सामान एका पिशवीत मावेल एवढेच न्या. तंबू सगळे सारखे दिसतात, म्हणून खांबाचा नंबर लिहून ठेवा. आम्ही तो सासूबाईंच्या ओढणीला पिनेने लावला होता.