डब्यातलाच अननस

संपादकांची या वेळची अट होती : रसायनशास्त्र नको. अमेरिकेतला एखादा सोपा पदार्थ सांगा, वाचकांना घरी करून बघता आला पाहिजे. मी पाइनॅपल कॅसरोल सुचवला. साहित्य सहा जिनसांचं, भांडं एक, सगळं मिळून पाऊण तास. त्यांनी जिनसा विचारल्या. चीजचं नाव येताच म्हणाले, "बरं, पण चीजचं जरा मागाहून सांगा."

पदार्थ सोपा आहे यात वाद नाही. पण तो का जमतो हे ठाऊक नसलं की हमखास बिघडतो, आणि ते समजून घ्यायचं तर रसायनशास्त्राला बगल देता येत नाही. माझं शिक्षण माटुंग्याच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेत झालं आणि नोकरीची जवळजवळ सगळी वर्षं नॉर्थ कॅरोलायनात, फळप्रक्रियेच्या धंद्यात गेली. तेव्हा अट मोडल्याचा दोष अननसाला द्यावा, मला नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत ईस्टरच्या जेवणात भाजलेलं खारट हॅम असतं आणि त्याच्या शेजारी हा कॅसरोल. खाली अननसाच्या फोडी, त्यांत साखर, मैदा आणि किसलेलं चेडर चीज. वर लोण्यात घोळलेला खारट बिस्किटांचा चुरा. चर्चमधल्या बायका मिळून पाककृतींची पुस्तकं छापतात, त्यांत तो हटकून सापडतो. गोड असला तरी तो जेवणातच वाढतात, जेवण झाल्यावर नाही. थँक्सगिव्हिंगला रताळ्यांवर मार्शमेलो घालून भाजतात, त्यालाही तोच मान. आपली मंडळी हे बघून नाकं मुरडतात : "भाजीच्या जागी गोड कसलं वाढतात हे लोक!" म्हणणारे कोण, तर पुरणपोळीबरोबर कटाची आमटी ओरपणारे आणि पानाच्या डाव्या बाजूला मेथांबा नसला तर रुसणारे. अननसाचं सासव खाऊन वाढलेल्या गोव्याकडच्यांनी तर या बाबतीत बोलूच नये.

आता कडू प्रकरण. माझ्या मामेबहिणीच्या सुनेनं गेल्या वर्षी पुण्यात हा कॅसरोल केला. मी पाठवलेल्या कृतीत 'डब्यातला अननस' असं स्वच्छ लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "मावशी, सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं हो. पण कडू लागतंय. आणि खाली पाणीच पाणी."

"डबा कुठला घेतलास?"

"डबा नाही, ताजा आणला ना. घरात ताजं मिळत असताना डब्यातलं कशाला खायचं?"

शिवाय पाहुणे दुपारी येणार म्हणून तिनं सगळं रात्रीच कालवून फ्रिजमध्ये ठेवलं होतं आणि सकाळी भाजलं होतं.

ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं. त्याचं काम प्रथिनं तोडणं. म्हणून अननसाच्या रसात मुरवलेलं मांस मऊ पडतं आणि ताज्या फोडी घातलेली जिलेटिनची जेली घट्ट होत नाही. दुधातल्या केसीन या प्रथिनाचे त्यानं तुकडे केले, की त्यांतले काही चवीला चक्क कडू असतात. ताज्या अननसाचं रायतं तासाभरानं कडवट लागतं ते यामुळेच. शिऱ्यात दूध घालणाऱ्या बायका अननस आधी साखरेत शिजवून घेतात, तेव्हा या एन्झाइमचा बंदोबस्त आपोआप होतो. डबाबंद करताना फळ तापवतात, तिथेही तेच घडतं. डब्यातल्या अननसात काम करणारं ब्रोमेलेन उरत नाही.

यावर माझ्याच धंद्यातले लोक वाद घालतात. ओव्हन 175 अंश सेल्सिअसला असतो, ब्रोमेलेन 70च्या वर तग धरत नाही, मग ताजा अननस का नको? हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकला आहे की आता माझा संयम सुटतो. 175 अंश हे ओव्हनमधल्या हवेचं तापमान. भांड्यातला ओला गोळा 100च्या पुढे सहसा जात नाही आणि तिथवरही सावकाश पोचतो. फ्रिजमधून काढलेला असेल तर आणखीच सावकाश. वाटेत 50 ते 60 अंशांचा टप्पा लागतो आणि ब्रोमेलेन सर्वांत जोमानं काम करतं ते नेमकं याच टप्प्यावर. कडेचा भाग तो चटकन ओलांडतो, मधला रेंगाळतो. म्हणजे एन्झाइम मरण्याआधी ओव्हन त्याला चांगली संधी देतो.

तरी एक शंका मला सोडत नाही. ताज्या फोडी कालवून लगेच भाजलेला कॅसरोल मी एकांच्या घरी खाल्ला आहे. तो पाणचट होता, कडू मात्र नव्हता. मग पुण्यातल्या कडवटपणात रात्रभर मुरण्याचा वाटा किती आणि ओव्हनचा किती? फ्रिजमध्ये एन्झाइमचा वेग मंदावतो, काम थांबत नाही, एवढं नक्की. माझा संशय रात्रीवर आहे. प्रयोगशाळेत असते तर नमुने काढून तपासले असते. फोनवरून निदान करताना संशयावर भागवावं लागतं.

पाण्याचा उलगडा सोपा आहे. डब्यातलं फळ एकदा तापलेलं असतं, त्याच्या पेशी फुटून रस आधीच बाहेर आलेला असतो आणि तो आपण निथळून टाकतो. ताजं फळ तो रस ओव्हनमध्ये सोडतं. चमचे मोजून घातलेल्या मैद्याला तो पेलत नाही.

डब्याविषयीच्या गैरसमजांनी मात्र मी खरोखर थकले आहे. लग्नात, विमानात, डॉक्टरांच्या दवाखान्यात, कुठेही माझं काम कळलं की पुढचं वाक्य ठरलेलं : "त्यात प्रिझर्व्हेटिव्ह असतात ना?" अननस मुळात आंबट, त्याचा पीएच साधारण 3.2 ते 4. पीएच 4.6च्या खाली बोट्युलिझमचा जंतू वाढू शकत नाही. म्हणून मक्याच्या किंवा घेवड्याच्या डब्याला दाबाखाली 121 अंशांपर्यंत तापवावं लागतं, तर अननसाचं उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर भागतं. उष्णता आणि हवाबंद झाकण, टिकण्याचं सगळं रहस्य एवढंच. क जीवनसत्त्व थोडं घटतं, हे मान्य. पाकातल्या अननसात साखर जास्त, हेही मान्य. पण 1911 साली हवाईत हेन्री जिनाका या अभियंत्यानं अननस सोलून गाभा काढणारं यंत्र बनवलं आणि हे फळ साध्या घरांच्या फडताळात पोचलं. वरच्या चुऱ्याची खारट रिट्झ बिस्किटं आली 1934 साली. कॅसरोल हा अशा फडताळातल्या जिनसांचा पदार्थ आहे. डबा वगळून त्याची 'अस्सल' आवृत्ती शोधणाऱ्यांना काय म्हणावं?

आता चीज. चेडर तापलं की त्यातलं तूप सुटू लागतं. मैद्यानं दाट झालेला रस ते सामावून घेतो, म्हणून मैदा गाळू नये. आपल्याकडच्या क्यूबचं चीज प्रक्रिया केलेलं असतं. त्यातल्या सायट्रेट किंवा फॉस्फेट क्षारांमुळे ते तूप न सोडता वितळतं. चालेल, फक्त चेडरचा आंबूस तिखटपणा मिळणार नाही. चीजसाठी दूध गोठवणाऱ्या रेनेटची काळजी असलेल्या शाकाहाऱ्यांसाठी : वासराच्या पोटातल्या रेनेटचं काम करणारं कायमोसिन सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेता येतं. अमेरिकेनं त्याला 1990 साली मान्यता दिली. आपल्याकडे वेष्टणावरचा हिरवा ठिपका बघावा.

कृती. केकसाठी मिळतो तो 850 ग्रॅमचा अननसाच्या चकत्यांचा डबा घ्या. चकत्या चाळणीत चांगल्या निथळा, फोडी करा, पाक चार चमचे राखून ठेवा. दोन मोठे चमचे साखर, चार मोठे चमचे मैदा आणि तो पाक गुठळी न होऊ देता कालवा, मग फोडी आणि 150 ग्रॅम किसलेलं चीज मिसळा. लोणी लावलेल्या भांड्यात पसरा. मोनॅकोसारख्या खारट बिस्किटांचा वाटीभर चुरा 60 ग्रॅम वितळलेल्या लोण्यात घोळून वर घाला. 175 अंशांवर अर्धा तास, कडेनं बुडबुडे येईपर्यंत. काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नका, तेवढ्यात तो आळतो.

हॅम न खाणाऱ्यांनी शेजारी काहीतरी खारट-तिखट हवंच हे विसरू नये. मी कांदा-लसूण मसाला लावून भाजलेले बटाटे करते. आणि ज्यांना ताजाच अननस हवा, त्यांनी तो तिखट-मीठ लावून तसाच खावा. त्या अननसाशी माझं काही भांडण नाही.