कोंडलेली हवा

वैशाखातल्या दुपारी भातसाच्या जलाशयावर ऊन दोन्हीकडून लागतं. एक डोक्यावर उतरतं, दुसरं पाण्यावरून उसळून हनुवटीखाली येतं. माहुलीचे सुळके धुरकटतात, काठावरचा साग निष्पर्ण उभा असतो. अशा वेळी पाण्यावर असलेल्या माणसाला दोन काळज्या असतात : आपण बुडू नये आणि बाटलीतलं गार राहावं. बाटलीत ताक असेल, नाहीतर शनिवारी मुंबईहून आलेल्या मंडळींची बिअर. उन्हाला सगळं सारखंच.

गंमत अशी, की या दोन्ही काळज्यांवर माणसाला सापडलेला उपाय एकच आहे. हवा कोंडून ठेवायची.

धरणातल्या मासेमाराकडे बघावं. लाकडी होडी परवडत नाही, तेव्हा थर्माकोलचे ठोकळे ताडपत्रीत बांधून त्याचा तराफा होतो. त्यावर मांडी ठोकून तो जाळं सोडतो. काठावर त्याची वाट बघत असते ती पेटीही थर्माकोलचीच. तिच्यात बर्फाचा चुरा आणि चुऱ्यात रोहू, कटला. थर्माकोलमध्ये जवळजवळ 98 टक्के हवा असते, बंद कप्प्यांत अडकलेली. त्या कप्प्यांत पाणी शिरत नाही म्हणून तराफा तरंगतो. त्यातली हवा हलत नाही म्हणून उष्णता आत शिरायला उशीर लावते. एका गुणावर माणूस तरतो, दुसऱ्यावर मासा टिकतो.

थर्माकोल आलं काल-परवा. त्याच्या आधी हे काम दुधी भोपळा करायचा. वाळवून, आतला गर काढून केलेला तुंबा शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरचे लोक पाण्यासाठी बरोबर नेत. रानात त्यातलं पाणी गोड, गार लागायचं. आणि पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला विहिरीवर बांधला जायचा तोही भोपळाच. तहान भागवणारा आणि बुडू न देणारा, एकाच वेलावरचा.

बर्फाच्या बाबतीत हे काम भुशाने केलं. 1833 साली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने ‘टस्कनी’ जहाजातून 180 टन बर्फ कोलकात्याला पाठवला. गोठलेल्या तळ्यांवरून कापलेल्या त्या लाद्या चार महिने समुद्रावर होत्या, दोनदा विषुववृत्त ओलांडून आल्या, आणि तरी शंभरेक टन बर्फ शाबूत उतरला. बर्फाभोवती होता लाकडाचा भुसा. म्हणजे पुन्हा कणाकणांत अडकलेली हवाच. पुढे मुंबईलाही अमेरिकेचा बर्फ येऊ लागला आणि मुंबईकरांना बर्फाची चटक लागली. आपल्याकडे भातगिरणीबाहेर तुसाचे ढीग पडलेले असतात. लादीवर तूस पसरून वर गोणपाट टाकलं की लग्नाच्या मांडवात संध्याकाळपर्यंत सरबताची सोय होते. तत्त्व ट्यूडरचंच; फक्त त्याने त्यावर पैसा केला आणि आपण पंगती उठवल्या.

अर्थात पेटी गारवा राखते, तयार करत नाही. तो करायचा असेल तर ओलं फडकं लागतं. एक ग्रॅम बर्फ वितळताना 80 कॅलरी उष्णता घेतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 580 घेते. म्हणून ओल्या सुती कापडात गुंडाळलेली बाटली सावलीत, वाऱ्याच्या तोंडाशी टांगली, की पाणी उडून जाता जाता तिची ऊब घेऊन जातं. मात्र हवा कोरडी हवी. ज्येष्ठात माळशेजच्या बाजूने ढग चढू लागले, हवा दमट झाली, की फडकं नुसतंच ओलं राहतं.

काही जण बाटली दोरीला बांधून खोल पाण्यात सोडतात. तेही खुळेपणाचं नाही. उन्हाळ्यात जलाशयाचं वरचं पाणी तापून हलकं होतं आणि वरच राहतं. खालचं थंड पाणी जड, ते हलत नाही. भर वैशाखात तळाशी पौष-माघ साठून असतो. त्यातून बाटली फ्रिजसारखी निघत नाही, पण ओठांना चटकाही देत नाही.

बिअरचा नखरा थोडा वेगळा. नीरेला गारवा लागतो तो ती आंबू नये म्हणून. ऊन चढलं की तिची ताडी होते. बिअर तर आंबूनच बाटलीत आलेली. तिचा गारवा जिभेसाठी आणि वायूसाठी : थंड द्रवात कार्बन डायऑक्साइड विरघळून राहतो. हेलकावे खाल्लेली कोमट बाटली उघडली तर अर्धी अंगावर येते. गारव्याचं बिअरशी नातं इतकं घट्ट, की कार्ल फॉन लिंडेने 1870च्या दशकात शीतयंत्र बसवलं ते म्युनिकच्या एका बिअरच्या कारखान्यात. तेव्हा पाण्यावर जाणाऱ्यांनी बाटल्या घरूनच गार करून आणाव्यात, पेटी गच्च भरावी, सावलीत ठेवावी, झाकण सारखं उघडू नये. आणि वल्हं ज्याच्या हातात, त्याने किनारा लागेपर्यंत बाटलीला हात लावू नये. धरणाचं पाणी पोहणाऱ्यालाही माफ करत नाही.

पण पेटीतला तो बर्फ येतो कुठून? 1892 साली तानसा बांधलं, मग वैतरणेवरची धरणं, मग भातसा. शहापूरचं पाणी मुंबई पिऊ लागली. भातसाचं पाणी नदीतून पिसेच्या बंधाऱ्यापर्यंत जातं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि शहरातल्या नळांत, फ्रिजांत, बर्फाच्या कारखान्यांत पोचतं. शनिवारी तेच पाणी गोठून, पिशवीत बसून, कसाऱ्याच्या रस्त्याने पुन्हा माहेरी येतं. इकडे त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर चैत्रापासून टँकरची वाट बघणं चालू असतं. मासेमार बर्फ विकत घेतो तोही माशासाठी. त्याची स्वतःची बाटली गोणपाटाच्या ओल्या तुकड्यात असते.

यावर भाषण देण्यासारखं खूप आहे. पण बिअर घेऊन आलेल्यांना भाषण रुचत नाही. त्यांनी निदान दोन गोष्टी कराव्यात. रिकाम्या बाटल्या आणि पेटी परत न्यावी. आणि तराफ्यावरच्या माणसाने कटल्याचा जो भाव सांगितला, तो घासाघीस न करता द्यावा. पाण्याचं बिल तेवढ्याने फिटत नाही, पण व्याजाची सुरुवात तरी होते.