कळ आधी कोणी दाबली?

संगणकाच्या तासाला मुले नुसती खेळत बसतात, अशी पालकांची आमच्याकडे कायम तक्रार असते. खेळ खेळणे सोपे, तो बनवणे भल्याभल्यांना घाम फोडते, हे त्यांना पटवायला वेळ लागतो. आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. बी.एड.ला पाठ कसा घ्यावा ते शिकलो. प्रोग्रॅमिंग मात्र पुढे मुलांच्या बरोबरीनेच शिकलो.

शाळेची सहल गोसीखुर्दला गेली होती. वैनगंगेवरच्या धरणाचे ३३ दरवाजे पाहून आलेल्या मुलांनी पायथॉन भाषेत, पायगेम वापरून एक खेळ रचला. पाऊस पडतो, इंदिरासागर जलाशय भरत जातो, पाणी लाल रेघेला टेकले की दरवाजा उघडायचा. खेळाडू दोन, कळफलक एकच. डावीकडच्याने ए दाबायची, उजवीकडच्याने एल. जो आधी दाबेल त्याला गुण.

उजवीकडे बसणारी मुलगी सारखी हरू लागली. ‘सर, मैंने पहले दबाया था,’ ती म्हणायची आणि बाकीचे हसायचे. आम्ही दोघांच्या जागा बदलल्या. मग ती जिंकू लागली आणि एलवर बसलेला मुलगा तेच वाक्य म्हणू लागला. म्हणजे खोट मुलांत नव्हती.

प्रोग्रॅम दर फेरीला एकदाच कळफलकाकडे पाहत होता. आत्ता ए दाबलेली आहे का? नसेल तर एल? दोन्ही दाबलेल्या दिसल्या की गुण एला, कारण तिचे नाव वरच्या ओळीत लिहिलेले. शाळेचा संगणक जुना. ३३ दरवाजे आणि पाणी रंगवता रंगवता सेकंदाला जेमतेम ८ फेऱ्या व्हायच्या. म्हणजे दोन नजरांमध्ये १२५ मिलिसेकंद. एवढ्या वेळात दोघांचीही बोटे पडलेली असतात. कुणी चपळाईने दाबून सोडली तर ती कळ दिसतच नाही. आम्ही फळ्यावर लिहीत असताना एखाद्या मुलीने हात वर करून खाली घ्यावा, तसेच हे.

यावरचा उपाय म्हणजे रांग. उर्दूत कतार, प्रोग्रॅमरांच्या बोलीत इव्हेंट क्यू. कळ खाली गेली ही एक घटना, वर आली ही दुसरी. प्रोग्रॅम चित्र काढण्यात गुंतलेला असला तरी प्रत्येक घटनेची नोंद आली त्या क्रमाने होत राहते. मोकळा झाला की त्याने पहिल्या नोंदीपासून वाचत जायचे. मुलांनी जुन्या ओळी खोडून तसे लिहिले. फेऱ्या ८च राहिल्या, पण निकाल बरोबर येऊ लागला. (कळफलक स्वतःही काही मिलिसेकंदांच्या अंतरानेच कळा तपासतो. त्याहून बारीक न्याय त्याच्याकडे मागू नये.)

रांगेचे नखरेही मुलांना ठेच लागून कळले. डाव संपल्याचे चित्र पडद्यावर असताना सगळे कळा बडवायचे. त्या नोंदी साचून राहत आणि नव्या डावात पाऊस पडायच्या आत दरवाजा उघडे! म्हणून डाव सुरू करताना रांग रिकामी करावी लागते. उलट, रांग वाचायचीच राहून गेली तर खेळ गोठतो आणि विंडोज सांगते की प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही.

वर्गातल्या एका मुलाचे आजोबा धरणग्रस्त आहेत. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले, तेव्हा ते तरुण होते. त्यांच्या अर्जावर आवक क्रमांक आहे, तारीख आहे, शिक्का आहे. नातवाने रांगेची गंमत सांगितल्यावर ते म्हणाले, ‘बेटा, नंबर तो हमारा भी लगा है. पढ़ने कौन बैठा है?’

आता जिंकणाऱ्याचे नाव पडद्यावर उर्दूत आले पाहिजे, असा त्या मुलीचा हट्ट आहे. टाइप केलेल्या अक्षरांसाठी रांगेत वेगळी घटना येते, तीही बरोबर क्रमाने. पण आमच्याकडचा पायगेम ती अक्षरे डावीकडून उजवीकडे मांडतो. तिच्या नावाची चारही अक्षरे उलटी आणि एकमेकांचा हात सोडून उभी राहतात. सध्या मुले त्याच्याच मागे लागली आहेत.