घराच्या चतुःसीमा

वाई,
मार्गशीर्ष वद्य पंचमी

चि. सौ. मृणाल हीस अनेक उत्तम आशीर्वाद विशेष.

तुमच्याकडचा आठ दिवसांचा मुक्काम आटोपून परवा दिवेलागणीस सुखरूप पोहोचलो. माझी काठी धरून उभे राहण्याचा चि. अद्वैतचा खटाटोप, शेरूचे जिन्यापर्यंत पोहोचवायला येणे आणि खिडकीच्या कट्ट्यावरून मनीचे टक लावून पाहत राहणे, हे सारे अद्याप डोळ्यांपुढून हलत नाही. निघताना तू विचारलेस, "मामा, दोन खोल्यांत या तिघांना मी सांभाळायचे तरी कसे?" खाली रिक्षा खोळंबली होती, म्हणून "लिहून कळवतो" एवढेच बोलून मी उतरलो. तुझ्या स्वरात जो थकवा होता त्याचे कारण केवळ कामाचे ओझे नव्हे, हे मला ठाऊक आहे. मांजर सोडून द्या, कुत्रे गावी धाडा, असा लकडा घरच्या वडीलधाऱ्यांनी तुझ्यामागे लावला आहे. तेव्हा आधीच लिहितो, की दोघांपैकी कोणालाही घालवण्याचे कारण मला दिसत नाही. पण घराची आजची मांडणी आहे तशीच ठेवणेही मला सुरक्षित वाटत नाही.

माझी चौतीस वर्षांची नोकरी तालुका कचेरीत गेली, आणि त्यातला मोठा काळ हद्दींचे तंटे वाचण्यात गेला. कोणत्याही मिळकतीचे वर्णन चतुःसीमा लिहिल्यावाचून पुरे होत नाही: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट. जिथे बांध जागेवर होता तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी सुखाने नांदले, आणि जिथे तो नांगराखाली गेला तिथे सख्खे भाऊ एकमेकांवर दावे लावून बसले. तुमच्या घरात अद्वैत, शेरू आणि मनी या तिघांपैकी कोणाच्याही स्वभावात खोट नाही. त्यांच्यामधला बांध तेवढा पुसला गेला आहे.

आपला वाडा आठव. तू लहान असताना तो पडायला आला होता, तरी त्याची रचना तुला स्मरत असेल. अंगण, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परसू अशी जी एकामागून एक स्थळे होती, त्यांत प्रत्येक जिवाचा इलाका ठरलेला होता. कुत्र्याची मजल पडवीच्या पायरीपर्यंत. मांजराची चुलीच्या वैलापर्यंत, पण तीही निजानीज झाल्यावर. रांगते मूल ओटीवर आणि माजघरात. स्वयंपाकघराच्या चौकटीला दोन्ही अंगांस खाचा पाडलेल्या होत्या आणि आजी चुलीपुढे बसली, की त्या खाचांतून एक आडवी फळी खाली सोडीत असे, म्हणजे मूल अलीकडे आणि विस्तव पलीकडे राही. दूधदुभते शिंक्यावर टांगलेले, दाराची कडी डोक्याहून उंच, आणि जाळीच्या फडताळाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे, मुंगीसुद्धा चढू नये म्हणून. ही व्यवस्था कोणी एके दिवशी बसून आखलेली नव्हती. घराच्या बांधणीतच ती मुरलेली होती, म्हणून तिचे श्रेय कोणाला द्यावे लागले नाही. तुम्ही लोकांनी घेतलेल्या चौथ्या मजल्यावरच्या जागेत ओटी, माजघर आणि पडवी ही तिन्ही एकाच बैठकीच्या खोलीत येऊन मिळाली आहेत. जे वाडा आपोआप करीत होता ते तुला हाताने करावे लागणार आहे, इतकाच काय तो फरक.

सहाव्या दिवशी दुपारी तू निजली असताना मी एक गोष्ट केली, ती तुला सांगितली नव्हती. अद्वैत रांगत सोफ्याखाली शिरू पाहत होता. त्याला तिथे काय दिसते ते पाहावे म्हणून मी फरशीवर पालथा पडलो आणि गाल जमिनीला टेकवून आत पाहिले. धूळ आणि शेरूचे केस तर होतेच. शिवाय शेरूने अर्धवट चघळलेला चेंडू, तीन बेदाणे आणि शर्टाच्या गुंडीएवढी एक चपटी, चकचकीत बॅटरी तिथे पडली होती. ते बेदाणे मीच तासगावाहून आणलेल्या डब्यातले होते. त्या दुपारी ते तीन दाणे तळहातावर घेऊन मी बराच वेळ बसलो होतो, कारण दात न आलेल्या मुलाच्या घशात ते अडकू शकतात. आणि द्राक्षे व बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना असा अपाय करतात, की कोणते कुत्रे किती खाऊन आजारी पडेल याचा अंदाजच करता येत नाही. बॅटरीचे तर याहून भयंकर. ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांच्या आत आतली त्वचा जाळू लागते. मुलाने ती गिळल्याची नुसती शंका आली तरी घटकाभरही वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्यावे. ती वस्तू कुठून निखळली ते मी शोधले: वजनकाट्याचे झाकण सैल आहे. त्यावर चिकटपट्टी लावून ठेवली आहे, परंतु ज्याचे झाकण स्क्रूने बसते असाच काटा घ्यावा.

तुझ्या आईची एक हकीकत तुला कोणी सांगितली आहे की नाही, कोण जाणे. ती दोन वर्षांची आणि मी नऊ वर्षांचा. त्या काळी घासलेट सोड्याच्या रिकाम्या बाटलीत भरून स्टोव्हशेजारी ठेवण्याची आमच्या घरी चाल होती. श्रावणातल्या एका सकाळी ती ओल्या हातांनी बाटली धरून उभी असलेली मला दिसली. ओठ चमकत होते आणि ती खोकत होती. आईने धावत येऊन तिला पालथे धरले, घशात बोट घालून ओकारी काढणार, इतक्यात शेजारच्या आळीतले डॉक्टर आले आणि त्यांनी आईचा हात धरला. घासलेट पोटात राहून जितका अपाय करते त्याहून अधिक अपाय ते वांतीबरोबर वर येऊन फुप्फुसात उतरले तर करते, असे त्यांनी तिथल्या तिथे बजावले. तीन रात्री तुझ्या आईचा श्वास आम्ही मोजत होतो. ती वाचली. त्यानंतर आमच्या घरात पिण्याच्या बाटलीत न पिण्याचा पदार्थ कधीही भरला गेला नाही. तुमच्या मोरीत मी सरबताच्या बाटलीत ओतलेले फिनेल पाहिले, तेव्हा ती श्रावणातली सकाळ जशीच्या तशी उभी राहिली. मृणाल, ती बाटली आजच्या आज फेकून दे.

फिनेलचा विषय निघालाच आहे, तर आणखी सांगतो. मनी दिवसातून वीस वेळा आपले पंजे चाटते. फिनेलमधील कित्येक द्रव्ये मांजराच्या यकृताला पचवून बाहेर टाकता येत नाहीत. तेव्हा पुसलेल्या फरशीवरून चालून ती जे चाटते ते तिच्या अंगात साठत जाते. रोजची फरशी साबणाच्या पाण्याने, मागून स्वच्छ पाण्याने पुसावी आणि वाळेपर्यंत तिघांनाही, सोबत मोठे माणूस ठेवून, आतल्या खोलीत ठेवावे. शेरूने कुठे लघवी केली, तर आधी जुन्या वर्तमानपत्रांनी टिपून घ्यावे, मग थंड पाणी, मग व्हिनेगर घातलेले पाणी. त्यावर ब्लीच ओतू नये, आणि शौचालयाच्या आम्लाबरोबर तर ते कधीच मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही काढून टाक. त्या मुलाला आणि मांजराला सारख्याच घातक आहेत. आणि जावईबापूंची डोकेदुखीची गोळी टेबलावर पडलेली असते, ती वरच्या फळीवर जावी: पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेण्यास पुरते.

आता शेरूविषयी सविस्तर लिहितो, कारण माझ्या मनाला खरी काळजी त्याचीच आहे. तो गुणी आहे. परंतु बुधवारी तो जेवत असताना अद्वैतने त्याच्या ताटलीत हात घातला, तेव्हा तो गुरगुरला आणि तुम्ही त्याच्या तोंडावर चापट मारलीत. हे पुन्हा करू नये. गुरगुरणे ही त्याची नोटीस आहे; नोटीस देण्याबद्दल शिक्षा होऊ लागली, की कुत्रे नोटीस न देता चावायला शिकते, आणि लहान मुलांना चावणारी कुत्री बहुधा परकी नसतात, ओळखीचीच असतात. त्याऐवजी ड्राय बाल्कनी शेरूची पडवी समजावी. त्याचे जेवण तिथे, दार लावून. पंधरा मिनिटांनी ताटली उचलून घ्यावी, भरलेली असो वा रिकामी. त्याचे अंथरूणही तिथेच एका कोपऱ्यात असावे आणि तो त्यावर जाऊन बसला, की कोणीही, विशेषतः अद्वैतने, तिथे जायचे नाही, असा घरात कायम हुकूम असावा. शिवाय मोठे माणूस हजर असल्यावाचून दोघांना एका खोलीत ठेवू नये. दुधावरची साय काढण्यापुरतेसुद्धा नाही.

त्याला ताटातले उरलेसुरले घालण्याची तुझ्या सासूबाईंची माया मी जाणतो, पण कांदा आणि लसूण, कच्चा असो वा फोडणीतला, कुत्र्यामांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. पूर्वी स्वयंपाक झाल्यावर कुत्र्यासाठी जी भाकरी बाजूला काढीत, ती कोरी असे. तशीच कोरी भाकरी, ताकभात किंवा उकडलेले अंडे त्यांनी आपल्या हातांनी द्यावे, म्हणजे मायाही राहील.

चावण्याचा किंवा दाताने ओरखडा निघण्याचा प्रसंग आलाच, तर हळद, चुना, तिखट काहीही जखमेत भरू नये. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे घड्याळ पाहून धुवावे आणि लगेच इस्पितळ गाठावे. आमच्या पिढीला पोटातल्या चौदा सुया आठवतात आणि त्या धास्तीने लोक अजूनही चालढकल करतात. पाश्चरने १८८५ मध्ये पहिल्या मुलाला वाचवले त्या परंपरेतली, मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस आपल्याकडे २००४ साली बंद झाली. आताच्या लशीचे पाच डोस दंडात, लहान मुलास मांडीत, एक त्याच दिवशी आणि बाकीचे तिथून तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. जखमेतून रक्त आले असेल तर जखमेत व तिच्याभोवतीही एक वेगळे औषध टोचतात. शेरूचे लशीचे पुस्तक मी पाहिले. या वर्षीची नोंद राहिली आहे.

मनीला घालवण्याचा आग्रह तू गरोदर असल्यापासून चालू आहे, म्हणून त्याबद्दल नीट लिहितो. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची बाधा होऊ शकते, हे खरे. परंतु ती विष्ठा बाहेर पडताक्षणी बाधक नसते. निदान एक दिवस उलटल्यावर ती तशी होते. रोज सकाळी तिचे विष्ठेचे ताट साफ केले, तर धोका तिथेच संपतो. कच्चे मांस न खाणारी, घराबाहेर न जाणारी मनी त्याहूनही निर्धोक. न धुतलेली भाजी आणि अर्धेकच्चे मांस यांपासूनच माणसाला अधिक भय असते. शेरूच्या पोटातल्या जंतांचेही असेच आहे: त्यांची अंडी मातीत दोन आठवडे राहिल्यावर बाधक होतात, म्हणून बागेत त्याने केलेली घाण तेव्हाच उचलावी आणि जंताचे औषध वेळच्या वेळी द्यावे. ताटाचे काम जावईबापूंकडे सोपवावे. तुला पुन्हा दिवस राहिले, तर ते तू मुळीच करू नयेस. हा परिच्छेद विहीणबाईंना वाचून दाखवावा. त्या समजूतदार आहेत, त्यांना कोणी कारण सांगितलेले नाही, नुसता वाद घातला गेला आहे.

मोरीतले ते ताट अद्वैतच्या हाती लागू नये यासाठी मोरीच्या दाराला आतून एक साखळी लावावी, जी दार चार इंचांपलीकडे उघडू देणार नाही. मनी तेवढ्यातून जाईल, अद्वैतचे डोके जाणार नाही. मोरीतली भरलेली बादली मात्र त्याआधीच हलव. रांगते मूल डोक्याच्या भाराने बादलीत ओणवे पडले, की त्याला परतता येत नाही, आणि त्यासाठी वीतभर पाणीही पुरे होते. पाण्याची वेळ ठरलेली असल्याने साठवण लागते, हे मी जाणतो. झाकणाचे, तोटी असलेले पिंप घ्यावे. गच्चीच्या कठड्यालगतचा मोडा आणि कुंड्या भिंतीकडे सरकवाव्यात. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मुलाचा भार पेलण्यासाठी नसते. लोखंडी गज बसवून घे, दोन गजांत चार इंचांहून कमी अंतर ठेवून.

राहता राहिले स्वयंपाकघर. इथे आपल्या आळीत एक म्हातारे सुतार अजून काम करतात. वाड्याच्या चौकटीतली ती फळी त्यांच्याच वडिलांनी बसवली होती. मी त्यांना तुमच्या घराचे वर्णन सांगितले. ते म्हणतात, फळी ओलांडताना हातात गरम भांडे असले, तर पाय अडखळेल, म्हणून अर्ध्या उंचीचे दार करावे आणि त्याची कडी स्वयंपाकघराच्या बाजूला, वरून हात घालून लागेल अशी लावावी. शेरू त्यावरून उडी मारणार नाही इतकी उंची ते ठेवतील. मनी मारील, पण तिला पळायला एक वाट हवीच. चौकटीची आतली रुंदी दोन ठिकाणी, खाली आणि कमरेच्या उंचीवर मोजून, इंचांत लिहून उलटटपाली कळव. लाकूड मी पाहून ठेवले आहे.

अद्वैतला गोड पापा. विहीणबाईंना नमस्कार. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
दादामामा