प्रमाणपत्रावरचा ताप

माझ्या दवाखान्यातील टेबलाच्या उजव्या खणात वैद्यकीय प्रमाणपत्रांचे पुस्तक असते. त्यातील स्थळप्रती चाळल्या, तर पुण्यात बाराही महिने तापाची साथ असते असे कोणालाही वाटेल. त्यांतील काही ताप माझ्याच हस्ताक्षरात लिहिलेले असून ते खोटे आहेत. एकाविषयी आज तुम्हांला सांगावयाचे आहे. जिची ही हकिकत, तिची संमती आहे. ओळख पटेल अशा गोष्टी मी बदलल्या आहेत.

काही वर्षांपूर्वीची जुलैमधली संध्याकाळ. बाहेर बाकावर पंधरा-सोळा रुग्ण. लहानपणी जिला लसी टोचल्या ती मुलगी आत आली. आता ती हिंजवडीच्या एका कंपनीत बऱ्यापैकी हुद्द्यावर होती. दोन दिवसांपूर्वी, नवव्या आठवड्यात तिचा गर्भपात झाला होता. स्त्रीरोगतज्ज्ञांनी उपचार केले होते, विश्रांती सांगितली होती; परंतु त्यांच्या कागदाच्या माथ्यावरच ‘प्रसूतिगृह’ असे छापलेले. तो कागद कार्यालयात कसा द्यायचा?

“काका, तीन दिवसांचा व्हायरल फिव्हर लिहा ना,” ती म्हणाली. “पुढच्या महिन्यात अप्रेझल आहे. मी प्रेग्नंट होते हेच तिथे कुणाला ठाऊक नाही. कळलं तर म्हणतील, हिचं आता पुन्हा होणारच, नवा प्रोजेक्ट दुसऱ्याला द्या.”

मी लिहून दिले. दयेपोटी दिले असे इतके दिवस स्वतःला सांगत आलो. पण खरे म्हणजे तो विषय तिला नको होता आणि मलाही टाळणे सोयीचे होते. माझी पाच मिनिटे वाचली.

चौथ्या दिवशी ती कामावर रुजू झाली. साडेतीन आठवड्यांनी पुन्हा आली तेव्हा ओठ पांढुरके पडले होते. जिना चढताना धाप लागत होती. रक्तस्राव अजून थांबलेला नव्हता आणि तो असाच चालतो अशी तिची समजूत होती. हिमोग्लोबिन निघाले 7.6. सोनोग्राफीत गर्भाशयात काही भाग राहून गेल्याचे दिसले आणि पिशवी पुन्हा साफ करावी लागली.

येथे थोडे वैद्यकीय बोलतो, कारण हे घराघरांत ठाऊक असायला हवे. निदान झालेल्या गर्भधारणांपैकी साधारण दहा ते पंधरा टक्के गर्भपातात संपतात. पहिल्या तीन महिन्यांतील गर्भपातांपैकी जवळजवळ निम्म्यांचे कारण गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष हे असते. लॅपटॉपवर बसणे, बॅग उचलणे, दुचाकीवरचे धक्के ही त्याची कारणे नव्हेत. (रोजच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांमुळेच आपला गर्भ गेला, असे ही मुलगी मनात धरून बसली होती. मला ते तिसऱ्या भेटीत कळले, कारण आधी मी विचारलेच नव्हते.) गर्भपातानंतर दोन आठवड्यांपर्यंत कमी कमी होत जाणारा स्राव चालू शकतो. त्यापुढेही तो राहिला, ताप आला, दुर्गंधी आली, किंवा लागोपाठ दोन तास तासाला एक पॅड भिजू लागले, तर थांबू नये. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ‘अँटी-डी’ इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे. आणि हिमोग्लोबिन तपासावेच. गरोदर नसलेल्या स्त्रीत ते किमान 12 असावे. परंतु 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे अनेकींच्या शरीरात लोहाची शिल्लक आधीच नसते. गोळ्यांनी आकडा महिन्याभरात चढू लागतो, पण साठा भरायला आणखी तीन महिने लागतात. त्या चहासोबत घेऊ नयेत.

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा रजेचा प्रश्न आला. “आता काय लिहायचं काका, टायफॉइड?” तिने हसण्याचा प्रयत्न केला.

त्याच आठवड्यात रक्तदाब तपासायला आलेल्या, कामगार कायद्याची वकिली करणाऱ्या एका वृद्ध रुग्णाला मी सहज विचारले. त्यांनी चष्मा काढला आणि मला एक शाळकरी प्रश्न विचारला: “डॉक्टर, 1961 चा मातृत्व लाभ कायदा कधी वाचलाय?” गर्भपात झाला, तर त्या दिवसापासून पुढे सहा आठवडे पगारी रजा. कायदेशीर गर्भपातालाही तीच. त्यातून आजार उद्भवला, तर आणखी एक महिन्यापर्यंत. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही सहा आठवड्यांची तरतूद कायम आहे. माझी तीस वर्षांची वैद्यकी, आणि मला फक्त बाळंतपणाच्या सव्वीस आठवड्यांची रजा ठाऊक होती!

सहांपैकी चार आठवडे उलटत आले होते. उरलेली रजा मागायची, तर पुरावा द्यावा लागणार. आणि कार्यालयातल्या कागदावर, माझ्या सहीशिक्क्यानिशी, ताप होता. खरे सांगायचे म्हणजे ते प्रमाणपत्र खोटे ठरवायचे. खोटे प्रमाणपत्र देणे हे वैद्यक परिषदेच्या नियमांनुसार गैरवर्तन आहे, हे तिलाही नेटवर सापडले होते. ती म्हणाली, “राहू दे काका, तुम्हाला त्रास नको.” आणि तिने बिनपगारी रजा घेतली. त्या वाक्याने मला जेवढे खजील केले, तेवढे कोणत्याही नोटिशीने केले नसते.

आता मी ताप लिहीत नाही. रुग्णेला आधी तिचा हक्क सांगतो. तो बजावायचा असेल, तर खरे कारण लिहिलेला कागद बंद लिफाफ्यात थेट मनुष्यबळ विभागाकडे द्यावा; वरिष्ठाला रजेच्या तारखा कळल्या म्हणजे पुरे. कारण सांगायचे नसेल, तर ‘माझ्याकडे उपचार चालू, अमुक दिवस विश्रांती आवश्यक’ एवढेच लिहितो. न सांगणे वेगळे, खोटे सांगणे वेगळे. काही कंपन्या अशा कागदावर कारण विचारतात, तेव्हा पुन्हा पेच पडतो, हेही कबूल करतो. त्याच इमारतींत कंत्राटावर सफाई करणाऱ्या बायकांना तर ईएसआयमधून अशी सहा आठवड्यांची रजा मिळते हे क्वचितच कोणी सांगते. त्या तिसऱ्या दिवशी फरशी पुसत असतात.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. आता तिच्या हाताखाली चौदाजण आहेत. “काका, टीममधल्या एका मुलीचा सकाळी ‘व्हायरल आहे’ असा मेसेज आला. मला वाटतं, तसंच काहीतरी आहे. कसं विचारू?”

मी म्हटले, “विचारू नकोस. रजेचे नियम साऱ्या टीमला पाठव, त्यात हाही असू दे. आणि जमलं, तर तू स्वतः ती रजा का घेतली होतीस, ते तिला सांग.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, “काका, मी ते अजून आईलाही सांगितलेलं नाही.”