भाड्याच्या चिलखतावरची धूळ

डोंबिवलीत हौशी नाटकांची आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांची वेशभूषा मी बरीच वर्षं सांभाळते आहे. ऐतिहासिक नाटक म्हटलं की चिलखत, शिरस्त्राण, ढाल, मनगटपट्ट्या असा सगळा सरंजाम ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने येतो. फायबरच्या ढाली, पत्र्याचे टोप, सुतळी विणून चंदेरी रंग दिलेली चिलखतं. सगळं नव्या स्टीलच्या भांड्यासारखं लख्ख. लढून आलेला मावळा असा लख्ख उभा राहिला, की प्रेक्षकाचा विश्वास तिथेच उडतो. पण सामान आपलं नसतं. ‘ताई, परवा हेच चिलखत कल्याणच्या शाळेत जायचंय,’ असं ड्रेपरीवाल्याने आधीच बजावलेलं असतं. शिवाय पहिल्या अंकात स्वच्छ आणि दुसऱ्यात मळलेलं हवं असेल, तर हाताशी फक्त मध्यंतर. म्हणून मळ असा हवा, की चटकन चढेल आणि सगळा निघेल.

आधी ठरवायचं ते मळ कुठला. बरेच जण सरसकट तपकिरी गंज फासतात. रोजच्या वापरातल्या, तेल लावून राखलेल्या लोखंडाला असा गंज चढत नाही. गंज म्हणजे हयगय. शिपायाच्या अंगावर असते ती धूळ, चिखल आणि घासल्याच्या खुणा. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराज अफझलखानाला भेटले, ते अंगरख्याच्या आत चिलखत घालून. ते मळवायचं काहीच कारण नाही. भोवतीच्या मावळ्यांवर मात्र त्या भागातली तांबडी धूळ हवी. १६५७ मध्ये महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, तो प्रसंग असेल तर खाडीकाठचा काळसर राखाडी चिखल हवा. ओहोटीच्या वेळी दुर्गाडीजवळ उभं राहिलं, की तो रंग आजही समोर दिसतो.

सामान साधं लागतं. तांबड्या धुळीसाठी मुलतानी मातीत थोडा गेरू, खाडीच्या चिखलासाठी मुलतानी मातीत कोळशाची पूड. जुनेपणासाठी काळा पोस्टर कलर पाण्यात पातळ करून त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. साबणामुळे रंग गुळगुळीत फायबरवर थेंब थेंब होऊन न राहता सारखा पसरतो आणि धुताना लवकर सुटतो. अॅक्रेलिक रंग नको. तो वाळला की त्याचा प्लास्टिकसारखा पापुद्रा होतो आणि पाण्याने विरघळत नाही.

ढालीवर हा पातळ रंग ब्रशने सगळीकडे लावायचा आणि किंचित सुकला की ओल्या स्पंजने फक्त उंचवटे पुसायचे. नक्षीच्या खाचांत काळेपणा राहतो, कडा उजळ होतात आणि सपाट फायबरची ढाल एकदम जड दिसायला लागते. चिखल जुन्या टूथब्रशने उडवायचा, तोही खालून वर. पोटऱ्यांवर जास्त, छातीवर तुरळक. हे काम नाका-तोंडाला रुमाल बांधून, नटाने अंगात चढवण्याआधी करायचं. रंगीत तालमीत शेवटच्या रांगेत जाऊन पाहायचंच. ठाण्याच्या गडकरी रंगायतनसारख्या मोठ्या नाट्यगृहात दिव्यांच्या उजेडात नाजूक छटा पार पुसल्या जातात; तिथे हात थोडा सढळ ठेवावा लागतो.

कापडाला मात्र जपावं. गेरूचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाचाच. त्याचे बारीक कण विणीत शिरले की डाग राहतो. मखमली अस्तर आणि पट्टे आधी प्लास्टिकने झाकून घ्यायचे आणि सुतळीच्या चिलखतावर फक्त कोरडी मुलतानी माती झटकायची. पाडव्याच्या स्वागतयात्रेतल्या मुलांसाठीही मी हेच करते. डोंबिवलीत १९९९ पासून ही यात्रा निघते. चैत्राच्या उन्हात घामाने ओला रंग ओघळून मुलांच्या कपड्यांना लागतो, कोरडी माती फार तर झडते.

उतरवताना घाई नको. ओला चिखल चोळला तर तो आणखी आत बसतो. पूर्ण वाळू द्यायचा, मऊ ब्रशने झटकायचा, मग ओलं फडकं, शेवटी साबणाचं पाणी. पत्र्याचे टोप लगेच कोरडे पुसायचे, नाहीतर खरा गंज धरतो.

स्नेहसंमेलनाच्या तयारीला लागलेल्या पालकांना आणि शिक्षकांना माझं एवढंच सांगणं आहे: कुठलाही रंग आधी आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून, वाळवून, धुऊन पाहा. डाग उरला तर तो वापरू नका. तेच चिलखत दोन दिवसांनी दुसऱ्या कुणाच्या मुलाच्या अंगावर असणार आहे. त्याला ते स्वच्छ मिळालं पाहिजे.