आतड्यांतील वस्ती

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलुखातील वावर-वांगणी हे नाव महाराष्ट्राला परिचित झाले ते १९९२ साली, तेथील शंभराहून अधिक बालके कुपोषणाने दगावली तेव्हा. हा मुलुख त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आला. आम्ही वसईकर त्याच जिल्ह्याचे रहिवासी. तिकडे उपासमार, इकडे भरलेली ताटे. तरीही वांगणीचे मूल आणि आमच्या घरातील लेक यांच्या दुखण्यांवर एकाच शास्त्राचा प्रकाश पडू शकतो, हे आम्हांला अलीकडे उमगले.

निमित्त आमच्या पुतणीचे. तिची पाळी चार-चार महिने चुकू लागली, हनुवटीवर केस आले, वजन वाढले. डॉक्टरांनी निदान केले : पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. नात्यातील बायका तिच्या लग्नाची चिंता कुजबुजत करू लागल्या आणि पोरीने सणासमारंभांना येणेच सोडले.

वास्तविक हा विकार विरळा नव्हे. शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ सालीच त्याचे वर्णन केले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननक्षम वयाच्या शंभर स्त्रियांत सहा ते तेरा जणींना तो असतो. सोनोग्राफीत दिसतात त्या भयंकर गाठी नसून वाढ अर्धवट राहिलेल्या बीजपुटिका असतात. पुष्कळ जणींच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, रक्तात ते अधिक साचते, आणि त्याच्या जोरावर बीजकोश पुरुषी संप्रेरके जास्त तयार करतात.

आतड्यांचा संबंध येथे येतो. तेथे कोट्यवधी जीवाणूंची वस्ती असते. २०१९ मध्ये बीजिंगच्या संशोधकांना अशा रुग्ण स्त्रियांच्या आतड्यांत बॅक्टेरॉइड्स व्हल्गॅटस हा जीवाणू अधिक आढळला. त्या स्त्रियांच्या विष्ठेतील जीवाणू उंदरांच्या पोटात सोडताच उंदरांतही इन्सुलिनचा व बीजकोशांचा बिघाड दिसला. अर्थात उंदीर म्हणजे स्त्री नव्हे. आनुवंशिकतेचाही या विकारात मोठा वाटा आहे. म्हणून डॉक्टरांचे औषध सोडून जीवाणूंच्या पुड्यांमागे धावणे शहाणपणाचे ठरणार नाही.

आता वांगणीकडे वळू. जेफ्री गॉर्डन व त्यांच्या बांगलादेशी सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की, तीव्र कुपोषित बालकांच्या आतड्यांतील जीवाणूंची वस्ती वयाच्या मानाने अपक्व राहते. पोषक आहार देऊनही ती पुरती सावरत नाही. पुढे त्यांनी चणा, सोयाबीन, शेंगदाणे व कच्ची केळी यांचे खाद्य तयार केले. ढाक्यातील बालकांवर त्याची चाचणी झाली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष आले : नेहमीच्या पूरक आहारापेक्षा या खाद्याने मुलांची वाढ अधिक चांगली झाली. यातले काहीच आमच्या वसईला परके नाही.

जव्हारच्या उतारांवर पिकणाऱ्या नागलीतही तंतुमय भाग भरपूर असतो. तो आतड्यांतील जीवाणू आंबवतात, आणि त्यातून निघणारी आम्ले आतड्याच्या अस्तराला पोसतात. आमच्या घरांत मात्र मैद्याचा पाव, केक आणि शीतपेये यांची रेलचेल झाली. शहरात नागली आता आरोग्याचे अन्न म्हणून महाग विकली जाते.

तरी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वांगणीची मुले अन्न, रोजगार आणि वेळेवर उपचार यांच्या अभावी गेली. जीवाणूंचा शोध लागला म्हणून दारिद्र्याचे उत्तरदायित्व त्यांच्यावर ढकलता येणार नाही. त्या बालकांच्या आयांना अडाणी म्हणणारे होते, तसेच आमच्या मुलींना आळशी म्हणणारे आहेत. दोघींनाही न केलेल्या अपराधाचा दोष दिला जातो.

आमची पुतणी औषधे घेते, रोज चालते. घरात नागलीची भाकरी सर्वांनाच वाढली जाते, तिला एकटीला नव्हे. आमच्या वाचक-कुटुंबांतील मातांना एवढीच विनंती : लेकीची पाळी चुकली, तर लग्नाच्या बाजारात काय होईल याचा विचार बाजूला ठेवा, आणि तिला आधी डॉक्टरांकडे न्या.